रौद्राच्या पुढचा रस



नरहर कुरुंदकरांच्या स्मरणार्थ बोलायचं आणि विषय घ्यायचा मारधाडीच्या सूडपटाचा, हे काही जणांना खटकलं. त्यांनी मला तसं कळवलंही. कुरुंदकर म्हटलं की मनुस्मृती, शिवाजी महाराज, भरताचं नाट्यशास्त्र आणि हैदराबादचा मुक्तिसंग्राम, अशी आपल्या मनात एक यादी तयार असते. यातले शेवटचे दोन विषय आज माझ्या बोलण्यात येणारच आहेत, कारण त्यांच्याशिवाय सूडपट समजत नाही अशी माझी खात्री आहे. शिवाय, ज्या गोष्टीसाठी लोक रांगा लावतात तिच्याकडे नाक मुरडून पाहणं हा कुरुंदकर गुरुजींचा स्वभाव नव्हता. 'श्रीमान योगी' घराघरांत वाचली गेली. त्या कादंबरीच्या निमित्ताने त्यांनी रणजित देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून छापलेलं आहे. लोकांना आवडणाऱ्या कलाकृतीला किती कठीण प्रश्न आदराने विचारता येतात, हे त्यात पाहावं.

तेव्हा आजचा पहिला प्रश्न 'लय भारी'ला विचारू.

११ जुलै २०१४ ला हा चित्रपट लागला. आषाढी नुकतीच होऊन गेली होती. दिग्दर्शक निशिकांत कामत, संगीत अजय-अतुलचं, आणि नायक लातूरचा, बाभळगावच्या देशमुखांच्या घरातला रितेश. नायक म्हणून त्याचा हा पहिला मराठी चित्रपट. कथा आपल्याला पाठ आहे. मूल होत नाही म्हणून सुमित्रादेवी विठ्ठलाला नवस बोलतात की पहिलं मूल तुझ्या चरणी वाहीन. जुळे होतात. एक प्रिन्स, तो श्रीमंतीत वाढतो. दुसरा माउली, तो पंढरपुरात वाढतो. पुतण्या संग्राम इस्टेटीच्या लोभाने आधी प्रतापसिंह निंबाळकरांना आणि मग प्रिन्सला मारतो. आई पांडुरंगापुढे टाहो फोडते आणि माउली येतो. पुढचा सगळा हिशेब माउली हाताने चुकता करतो.

मी तो लातूरला पाहिला. थिएटरात क्लास सुटल्यावर दप्तरासह आलेली मुलं होती, औशाकडून आणि रेणापूरकडून मोटरसायकलवर आलेले शेतकरी होते, मुलींचे गट होते. माउली पडद्यावर आला तेव्हा जो आवाज झाला, तो मी विसरलेलो नाही. आपला मुलगा पडद्यावर आहे हा अभिमान त्यात होताच. पण सगळा आवाज तेवढ्यासाठी नव्हता. आपल्यासाठी कुणीतरी आलं, याचा तो आवाज होता.

त्या आवाजाला हसणाऱ्यांशी माझं जमत नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण मुलांना शिकवतो. एखाद्या समाजाने आपल्या न्यायव्यवस्थेबद्दल अशी म्हण रूढ करावी, यापेक्षा गंभीर तक्रार कोणती असेल? फेरफाराची नोंद होत नाही, बांध कोरला जातो, विम्याचे पैसे अडतात, आजोबांनी लावलेल्या दाव्याचा निकाल नातू ऐकतो. उच्च न्यायालयात जायचं तर १९८१ मध्ये औरंगाबादला खंडपीठ सुरू होईपर्यंत मराठवाड्याच्या माणसाला मुंबई गाठावी लागे. आज देशातल्या सगळ्या न्यायालयांत मिळून पाच कोटींच्या आसपास प्रकरणं पडून आहेत. प्रत्येक प्रकरणामागे निदान एक माणूस तारीख घेऊन घरी परतलेला आहे. अडीच तासांत निकाल लावणारा माउली त्याला हवासा वाटला तर त्यात त्याचा दोष नाही. सूडपटाचा प्रेक्षक हिंसेचा भुकेला असतो, हे सरसकट विधान मला मान्य नाही. तो निकालाचा भुकेला असतो.

आता सूडपट त्याला काय देतो ते पाहू.

या चित्रपटांतली सगळ्यात मोठी सवलत आपल्या लक्षातच येत नाही. तलवारी, उडत्या गाड्या, एकाने वीस जणांना लोळवणं, ही अतिशयोक्ती आहे हे शाळेतलं पोरही ओळखतं. खरी सवलत पहिल्या तासात मिळते: गुन्हा आपल्याला दाखवलेला असतो. प्रतापसिंहांचा मृत्यू गावाच्या लेखी अपघात आहे, पण तो घातपात आहे हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे. संग्रामचा चेहरा आपण पाहिला, त्याचा हेतू ऐकला. त्यामुळे माउली हात उचलतो तेव्हा साक्ष लागत नाही, पंचनामा लागत नाही, उलटतपासणी लागत नाही. कॅमेरा हाच साक्षीदार असतो आणि तो कधी फितूर होत नाही.

न्यायालयाचा सगळा कंटाळवाणा व्याप कशासाठी आहे? प्रत्यक्षात असा कॅमेरा कुणाजवळच नसतो म्हणून. कुणीतरी पाहिलं म्हणतो, कुणी ऐकलं म्हणतो, कुणी वैर साधतो, कुणी घाबरून गप्प बसतो. त्या गोंधळातून कोणी काय केलं हे शोधायचं असतं. 'लय भारी' ज्या वर्षीचा, त्याच वर्षी चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' परदेशी महोत्सवांत पोचला आणि पुढे त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यातलं न्यायालय संथ आहे, कधी क्रूर वाटावं इतकं यांत्रिक आहे. ते पाहून चीड येते आणि ती यायलाच हवी. पण हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिले की जाणवतं, माउलीला जे आयतं मिळालं तेच 'कोर्ट'मधल्या माणसांना अखेरपर्यंत मिळत नाही. ते म्हणजे खात्री.

महाराष्ट्रातल्या दोन खऱ्या घटना याच्याशेजारी ठेवतो.

१३ ऑगस्ट २००४. नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, भर दुपारी, कस्तुरबा नगरच्या बायकांनी अक्कू यादवला ठार मारलं. या माणसाने वर्षानुवर्षं त्या वस्तीवर अत्याचार केले होते. तक्रारी होत होत्या आणि तो सुटून येत होता. तो पुन्हा जामिनावर बाहेर येणार या भीतीने वस्ती न्यायालयात आली. या घटनेवर पुढे चित्रपट आणि मालिका निघाल्या. कस्तुरबा नगरच्या बायकांची खात्री ऐकीव नव्हती, ती त्यांच्या अंगावर उमटलेली होती. त्या बायकांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही आणि मी तो देणारही नाही. पण चित्रपट जिथे संपतो त्याच्या पुढचं सांगतो. आरोपी झालेल्यांनी दहा वर्षं न्यायालयाच्या तारखा केल्या. पुराव्याअभावी ते सुटले २०१४ मध्ये. ज्या वर्षी आपण माउलीला शिट्ट्या मारत होतो, त्याच वर्षी.

दुसरी घटना १ जुलै २०१८ ची. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे निरोप मोबाइलवर फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आलेली होती, मूळची सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याच्या बाजूची. जमावाने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही निरपराध होते. मारणाऱ्यांपैकी प्रत्येक जण त्या क्षणी स्वतःला लेकरांचा राखणदार समजत होता. माउलीइतकीच त्याचीही खात्री होती. फरक इतकाच की त्याला गुन्हा कुणी दाखवलेला नव्हता, फक्त सांगितलेला होता.

नागपूर आणि राईनपाडा यांच्यामध्ये जी रेषा आहे ती रागाने ओढलेली नाही. राग दोन्हीकडे सारखाच होता. ती रेषा माहितीने ओढलेली आहे, आणि गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला आपण रेषेच्या कुठल्या बाजूला आहोत हे कळायचा मार्ग नसतो.

आता भरताकडे वळतो. नाट्यशास्त्र हा गुरुजींच्या आस्थेचा विषय, म्हणून थोडं सविस्तर.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात वीर आणि रौद्र हे दोन वेगळे रस आहेत. आपण बोलताना त्यांची सरमिसळ करतो, भरत करत नाही. वीराचा स्थायी भाव उत्साह, रौद्राचा क्रोध. वीर रस उत्तम प्रकृतीच्या माणसांचा. रौद्र राक्षसांचा, दानवांचा आणि उद्धत माणसांचा. वीर कशातून निर्माण होतो ते सांगताना भरत बळ आणि पराक्रम यांच्याआधी असंमोह, अध्यवसाय, नय आणि विनय यांची नावं घेतो. असंमोह म्हणजे बुद्धी न ढळणं, वस्तुस्थिती जशी आहे तशी दिसणं. नय म्हणजे नीती, धोरण. विनय म्हणजे संयम, शिस्त. बाहुबळाचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो.

या निकषावर आपले बहुतेक सूडपट वीराचे ठरत नाहीत. ते रौद्राचे आहेत आणि त्यांची जाहिरात मात्र वीराची असते. नायकाचे डोळे लाल, भुवया चढलेल्या, ओठ चावलेले, मुठी वळलेल्या. भरताने रौद्राच्या अभिनयाला सांगितलेल्या खुणा आपण त्याच्या चेहऱ्यावर पाहतो आणि त्याला वीर म्हणतो.

त्याच अध्यायात भरत आणखी एक गोष्ट सांगतो आणि ती मला आजच्या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते. मूळ रस चार, त्यांच्यापासून दुसरे चार निघतात. शृंगारातून हास्य, वीरातून अद्भुत, बीभत्सातून भयानक, आणि रौद्रातून करुण. रौद्राच्या कृतीचं फळ करुण आहे. क्रोधाने हात उचलला की पलीकडे कुणीतरी रडत असतं, आणि नाटककाराला ते रडणं टाळता येत नाही. व्यासांनी ते टाळलं नाही. बापाच्या वधाचा सूड म्हणून अश्वत्थामा रात्री झोपलेल्यांची कत्तल करतो ते सौप्तिक पर्व. त्याच्या पाठोपाठ येतं स्त्री पर्व, जिथे गांधारी आणि दोन्ही बाजूंच्या बायका रणांगणात आपापली प्रेतं शोधत फिरतात. महाभारताच्या कर्त्याने ही दोन पर्वं शेजारी ठेवली. आपला सूडपट सौप्तिकाशी थांबतो, पाट्या सुरू होतात आणि आपण मोटरसायकली काढायला बाहेर पडतो.

हे सगळ्याच चित्रपटांना लागू नाही, आणि सांगायला अभिमान वाटतो की करुणापर्यंत जाणाऱ्या चित्रपटांत मराठी माणसांचा मोठा वाटा आहे. श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेवरून विजय तेंडुलकरांनी 'अर्धसत्य' लिहिला आणि गोविंद निहलानींनी तो १९८३ मध्ये केला. अनंत वेलणकर रामा शेट्टीला मारतो आणि स्वतः पोलीस ठाण्यात हजर होतो. एन. चंद्रा हे आपले नार्वेकर. त्यांच्या १९८६ च्या 'अंकुश'मध्ये न्यायालयाने सोडलेल्या गुन्हेगारांना चार बेकार तरुण मारतात आणि फासावर जातात. गिरणी संपानंतरच्या मुंबईचा तो राग होता. त्या रागाला चंद्रांनी मान दिला, पण त्याची किंमत लपवली नाही.

आणि निशिकांत कामत! 'लय भारी'च्या नऊ वर्षं आधी, २००५ मध्ये, याच दिग्दर्शकाने 'डोंबिवली फास्ट' केला होता. माधव आपटे हा बँकेतला सरळमार्गी कारकून. रोजच्या अन्यायाने त्याचा तोल सुटतो आणि तो क्रिकेटची बॅट घेऊन शहरभर निघतो. संदीप कुलकर्णीने तो असा उभा केला की पहिला अर्धा तास आपण त्याच्या बाजूने हात शिवशिवत बसतो. पण कामत आपल्याला तिथे सोडत नाहीत. माधवची बायको दिसते, मुलं दिसतात, त्याच्या मागावर असलेल्या इन्स्पेक्टरची घालमेल दिसते, आणि माधव पोलिसांच्या गोळीने संपतो. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं, तमिळमध्ये माधवनला घेऊन तो पुन्हा झाला. त्याच हाताने पुढे 'लय भारी' केला. एका माणसाला रौद्राच्या पुढचा रस ठाऊक होता, त्याने तो दाखवूनही दिला, आणि गर्दी मात्र रौद्राशी थांबलेल्या चित्रपटाला झाली. कामत १७ ऑगस्ट २०२० ला हैदराबादेत वारले. अवघे पन्नास वर्षांचे होते. ते असते तर हा प्रश्न मी त्यांनाच विचारला असता.

शेवट कुठे करायचा हा प्रश्न सरकारलाही पडतो. 'शोले'चा मूळ शेवट असा होता की ठाकूर गब्बरला पायांनी चिरडून मारतो. सेन्सॉरने हरकत घेतली, शेवट पुन्हा चित्रित झाला आणि ऐन क्षणी पोलीस येऊन गब्बरला ताब्यात घेतात असं आपण पाहिलं. साल १९७५, आणीबाणीचे दिवस. देशात नागरिकांचे हक्क गुंडाळून ठेवलेले आणि पडद्यावर कायद्याची बूज राखण्याची सक्ती. वरून लादलेला असा शेवट माझ्या काही उपयोगाचा नाही. पोलीस वेळेवर पोचवले म्हणून करुण रस येत नाही. तो लेखकाच्या मनातून यावा लागतो. अमेरिकेत ब्रायन गारफिल्डच्या 'डेथ विश' या कादंबरीवर १९७४ मध्ये चित्रपट निघाला आणि लोक नायकाच्या प्रत्येक गोळीला टाळ्या वाजवू लागले. गारफिल्ड अस्वस्थ झाला. त्याने तो माणूस आदर्श म्हणून लिहिला नव्हता. मग त्याने त्यावर उतारा म्हणून दुसरी कादंबरी लिहिली.

'लय भारी'बद्दल आणखी एक गोष्ट मनात सलते, ती बोलतो. माउलीला हत्यार उचलायचा परवाना विठ्ठलाकडून मिळतो. आईने टाहो फोडला आणि देवाने माणूस पाठवला. देवाच्या नावाने परवाना मिळाला की हिशेब द्यायला कुणी उरत नाही. पण विठ्ठल हे दैवत कसं आहे? विटेवर उभा, दोन्ही हात कमरेवर. मारण्यासाठी उगारलेला हात त्याच्या मूर्तीत नाही. आपल्या शेजारच्या नर्सीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, मंगळवेढ्याचे चोखोबा, यांनी काय कमी सोसलं? राग त्यांनाही आला. चोखोबांचा राग वाचताना आजही मान खाली जाते. त्यांनी तो देवालाच जाब विचारण्यात खर्च केला आणि त्या जाबाने सातशे वर्षं समाजाला झोप लागू दिलेली नाही. या परंपरेतून माउली हे नाव उचलायचं आणि त्याच्या हाती संहार द्यायचा, हे मला पटलेलं नाही.

आता आपल्या नांदेडकडे येतो. सूड आणि न्याय यांची गाठ या गावाइतकी फार थोड्या गावांना पडली असेल.

१७०८ साली गुरू गोविंदसिंग याच गोदावरीच्या काठी होते. त्यांच्या दोन लहान मुलांना सरहिंदच्या सुभेदाराने, वझीर खानाने, भिंतीत चिणून मारलेलं होतं. इथे मारेकऱ्याने गुरूंवर वार केले आणि त्या जखमेने त्यांचा अंत झाला. त्याआधी इथेच त्यांना माधोदास बैरागी भेटला आणि तो बंदासिंग झाला. पंजाबात जाऊन १७१० मध्ये त्याने सरहिंद जिंकलं, वझीर खान लढाईत पडला. यावर चित्रपट काढायचा तर कथा तयार आहे: मुलांचा वध, गुरूंवर हल्ला, एकटा वीर, शत्रूचा नाश. पण शीख परंपरा ही गोष्ट तशी सांगत नाही. परंपरा सांगते की गुरूंनी बंदासिंगाला एकटं पाठवलं नाही. सोबत पाच शीख दिले, त्यांच्या सल्ल्याने वागायला सांगितलं. बाण दिले तसे पंजाबातल्या शिखांसाठी हुकूमनामेही दिले. म्हणजे बळ दिलं आणि त्या बळावर नजर ठेवणारी पाच माणसंही दिली. भरताच्या शब्दांत नय आणि विनय. सरहिंदनंतर बंदासिंगाने नाणी पाडली ती गुरूंच्या नावाने, स्वतःच्या नव्हे, आणि जमीन कसणाऱ्याच्या हाती दिली. त्या युद्धात क्रौर्य झालं नाही असं मी म्हणणार नाही, आणि १७१६ मध्ये दिल्लीला त्याचा स्वतःचा शेवट फार हालांचा झाला. पण ज्याला कुणीतरी विचारू शकतं असा माणूस आणि ज्याला कुणीच विचारू शकत नाही असा माणूस, यांतला फरक इथे तीनशे वर्षांपूर्वी माहीत होता.

दुसरी गोष्ट आपल्या उमरीची. ३० जानेवारी १९४८. दिल्लीत गांधीजींची हत्या झाली त्याच दिवशी मुक्तिसंग्रामाच्या सैनिकांनी उमरीची बँक लुटली. वीस लाखांहून अधिक रुपये हाती आले. त्या काळी एवढ्या पैशांत माणसाच्या सात पिढ्या बसून खातील. ही माणसं फाटकी होती, घरदार सोडून सरहद्दीवरच्या कॅम्पात राहत होती. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला, तो चळवळीवर खर्च झाला आणि मुक्तीनंतर हिशेब सादर झाला. बँक लुटणारी माणसं जमाखर्च लिहितात, यापेक्षा सुंदर दृश्य मला कुठल्याही चित्रपटात दिसलेलं नाही. घोडे आहेत, बंदुका आहेत, रात्र आहे, सगळं आहे, आणि शेवटी एक वही आहे. उमरीवर मोठा चित्रपट का निघू नये? लातूर-नांदेडची पोरं आज मुंबईत कॅमेऱ्यामागे आहेत. त्यांनी हे मनावर घ्यावं.

पण उमरीवर थांबलो तर मीही सौप्तिकाशी थांबलेला ठरेन. पुढचं सांगणं अवघड आहे, तरी सांगतो.

रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरचा वकील. कायदा शिकलेल्या माणसाने खाजगी फौज उभी केली. तिने गावं जाळली, लुटली, बायकांची अब्रू घेतली. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्याचं हत्याकांड लोकांच्या अजून जिभेवर आहे. बिलोलीजवळ अर्जापूरला गोविंदराव पानसऱ्यांचा खून १९४६ मध्येच झाला होता. निजामाच्या राज्यात खेड्यापाड्यांतल्या लोकांनी जे सोसलं त्याचा राग खरा होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात आल्या, १७ ला निजाम शरण आला. तो दिवस आपण अभिमानाने साजरा करतो आणि करायलाच हवा.

त्यानंतरच्या आठवड्यांत काय झालं? रझाकारांचा सूड म्हणून गावोगावच्या मुसलमानांवर हल्ले झाले. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि त्यांचे सहकारी वर्षअखेरीस या मुलखात गावोगाव फिरले. त्यांच्या अहवालाने मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. सर्वांत जास्त झळ पोचलेले चार जिल्हे सांगितले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. आजचा लातूर जिल्हा तेव्हा बराचसा उस्मानाबादेत होता, १९८२ मध्ये तो वेगळा झाला. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला, २०१३ च्या सुमारास अभ्यासकांना तो वाचायला मिळू लागला. शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवणारे हिंदूही होते आणि त्यांची नोंद अहवालात आहे. त्यात हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांना वाचवल्याचा खास उल्लेख आहे.

खुद्द रझवीचं काय झालं? त्याला अटक झाली, खटला चालला, वकील मिळाला, शिक्षा झाली. ती भोगून तो १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात गेला. ज्याच्याबद्दल सगळ्यांची खात्री होती त्याला न्यायालय मिळालं. ज्याचा रझाकारीशी काही संबंध नव्हता, जो गावातच जन्मला, गावातच कापूस पिंजत राहिला, त्याची बाजू कुणी ऐकली नाही. सूड ज्याच्यासाठी निघतो त्याच्यापर्यंत तो क्वचितच पोचतो. वाटेत जो सापडेल त्याच्यावर तो कोसळतो. राईनपाड्यात हेच झालं, आणि आपल्या आजोबांच्या हयातीत, आपल्या चौकांत आणि आपल्या विहिरींवरही हेच झालं.

गुरुजींनी हैदराबादच्या विमोचनावर आणि विसर्जनावर लिहिलं, अनंत भालेरावांनी या लढ्याचा इतिहास आपल्याला दिला. त्या पानांतली लढाई मला वीराची वाटते. तिच्या मागोमाग आलेला रौद्र आणि त्याच्या पोटातला करुण मात्र आपण कथांत, नाटकांत, चित्रपटांत फारसा आणलेला नाही. म्हणून आपल्या पोरांना रौद्र स्वस्त वाटतो. त्यांना तो पडद्यावर पहिल्यांदा भेटतो आणि तिथे त्याची किंमत कुणी भरताना दिसत नाही.

माझी विनंती दोघांना आहे. लिहिणाऱ्या आणि चित्रपट करणाऱ्या तरुणांनी सूडाची गोष्ट जरूर करावी. आपल्या लोकांचा राग खरा आहे आणि तो पडद्यावर यायला हवा. पण ती गोष्ट सूडाशी तोडू नका. पुढची दहा मिनिटं लिहा. मारणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते लिहा, आणि मेलेल्याच्या घरी काय झालं तेही.

दुसरी विनंती इथे बसलेल्या सत्तरीच्या पुढच्या मंडळींना. १९४८ चा तो पावसाळा आणि त्यानंतरची दिवाळी ज्यांनी लहानपणी पाहिली, किंवा आईबापांकडून ऐकली, त्यांनी ती लिहून काढावी. कोणाच्या घरात कोण लपलं होतं, कोण परत आलं नाही, कोणाची जमीन कोणाकडे गेली, जे आठवतं ते सगळं. हाताला लिहिणं जमत नसेल तर नातवाला शेजारी बसवा आणि त्याच्या मोबाइलमध्ये बोला. या व्याख्यानमालेच्या संयोजकांना मी विनंती केली आहे की असं जे काही येईल ते त्यांनी जपून ठेवावं, आणि त्यांनी ती मान्य केली आहे. हे पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत. उद्यापासूनच सुरुवात करा.